सुतळीने बांधलेली सावली

सहदेवरावांच्या घरात रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो, सोफ्याच्या कव्हरवर आणखी एक कव्हर असतं आणि फ्रिजवरचं दुकानातलं स्टिकर सात वर्षं झाली तरी कोणी काढायचं नसतं. वस्तू टिकवणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ उद्योग.

ठाकुर्लीच्या या फ्लॅटला छोटीशी गच्ची आहे. तिच्यावर मालनबाईंनी हट्टाने गुंडाळायचं छत बसवून घेतलं. हँडल फिरवलं की हिरव्या पट्ट्यांचं कापड पुढे सरकतं. खाली खुर्ची टाकून निवांत चहा प्यायचा, एवढीच बाईंची हौस. दोन वर्षांत तो चहा काही झाला नाही. छत उघडायचं ते पाहुण्यांना दाखवायला. एरवी गुंडाळी, वर प्लास्टिक, प्लास्टिकवर सुतळी.

उद्या भाचीचं, कल्पिताचं, केळवण. अठरा माणसं गच्चीशिवाय मावणार कुठे? म्हणून शनिवारी सकाळी मालनबाईंनी सुतळी कापली आणि हँडल फिरवलं. कुबट वास आला. मागोमाग काळ्या ठिपक्यांनी भरलेलं कापड.

"अहो, इकडे या जरा."

सहदेवरावांनी चष्मा पुसून पाहिलं. "डिझाइन असेल."

"घेतलं तेव्हा नव्हतं हे डिझाइन. बुरशी आहे ती. दिवाळीत पाऊस आलेला, तेव्हा ओलंच गुंडाळलंत ना?"

"पण मी वर प्लास्टिक बांधलेलं. धुळीचा कण आत गेला नाही."

"पाणीही बाहेर गेलं नाही."

ते गुपचूप आत गेले आणि ब्लीचिंग पावडर घेऊन आले.

"ठेवा ते बाथरूममध्ये. रंग उडाला की काय दाखवाल पाहुण्यांना?"

मालनबाईंनी आधी कोरड्या ब्रशने बुरशी झाडली. मग कोमट पाण्यात साबण घालून, स्टुलावर चढून, हलक्या हाताने पट्टा न् पट्टा घासला. स्टूल धरलेले सहदेवराव खालून सूचना देत होते. दुपारी एकला बाईंनी शेवटची बादली ओतली. ठिपके फिकटले, गुडघे मात्र बोलायला लागले.

"संध्याकाळपर्यंत उघडंच ठेवायचं," त्यांनी बजावलं आणि जरा पाठ टेकली.

तीनला करकर ऐकू आली. छत निम्मं आत गेलं होतं.

"कबुतरं बसतील गं. वरून सुकलंय."

"शिवणीला हात लावा."

त्यांनी लावला. बोटं ओली झाली.

मालनबाईंनी छत पुन्हा पूर्ण उघडलं, हँडल काढून घेतलं आणि तांदळाच्या डब्यात खुपसलं.

रविवारी सगळे दोन पंगतींत छताखाली जेवले. "आत्या, काय मस्त सावली आहे," कल्पिता म्हणाली. तेवढ्यात कापडावर कबुतर धपकन उतरलं. सहदेवराव अर्धे उठले.

"बसा," मालनबाई म्हणाल्या. ते बसले.

पाहुणे गेल्यावर ते हळूच म्हणाले, "आता ठणठणीत कोरडं आहे. हँडल कुठाय?"

मालनबाईंनी खुर्ची सावलीत ओढली आणि पाय लांब केले.

"सांगते. आधी चहा टाका."