हालू नको, तुटते

चिखलीजवळच्या आमच्या उंद्री गावात शेजारच्या मावशीला मी सात महिने मूर्ख बनवलं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला लपवालपवी करता येणार नाही.

मावशीच्या आणि आमच्या घरामधली भिंत एकच. आमच्याकडे वायफाय लागलं त्याच दिवशी आईनं तिला पासवर्ड देऊन टाकला, विरजण द्यावं इतक्या सहज. मला विचारलंसुद्धा नाही. मावशीची मुलगी पुण्याला दिलेली, तिला तेव्हा दहा महिन्यांचा मुलगा होता. रोज संध्याकाळी सात वाजता मावशी तोंड धुऊन, डोक्यावर पदर घेऊन फोनसमोर बसायची आणि भिंतीपलीकडून मोठ्यानं ऐकू यायचं, "जयभीम कर आजीले! कर, कर माह्या राजा!"

सात वाजता आमचाही खेळ असायचा. मी पोलीस भरतीची तयारी करत होतो, म्हणजे सकाळी पळत होतो आणि उरलेला दिवस मोबाईलवर बंदुका चालवत होतो. आम्हा चौघांचा संघ होता. एक चिखलीचा, एक सोनाळ्याचा, एक लोणारचा आणि मी. खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा दिसतो. आपण बोट दाबलेलं पलीकडे कळायला किती वेळ लागतो, ते त्यावरून समजतं. आकडा हिरवा असला की ठीक, लाल झाला की आपण कामातून गेलो. मार्चमध्ये माझा आकडा लाल झाला आणि लालच राहिला. समोरचा मला मारून पुढे निघून जायचा, तेव्हा माझ्या स्क्रीनवर तो अजून दारातून आत येत असायचा.

"काऊन बे, झोपला का?" लोणारचा कानात ओरडायचा. एकदा तर मी ऐकत असतानाच तो बाकीच्यांना म्हणाला, "याले घेऊ नका बे. हा मधातच अटकते."

ते मला फार लागलं. भरतीत दोनदा सोळाशे मीटरमध्ये मागे पडलो होतो. निदान इथं तरी मागे पडणारा मी नको होतो.

मग लोक जे जे करतात ते सगळं केलं. ग्राफिक्स अगदी कमी केले. मागे चालू असलेली ॲप बंद केली. आईच्या माहेरच्या लग्नातले फोटो उडवले, ते तिला अजून माहीत नाही. फोन तापतो म्हणून कूलरसमोर उकिडवा बसून खेळलो. काडीचा फरक पडला नाही. शेवटी राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथं जोडलेल्या सगळ्या मोबाईलची यादी दिसते आणि कोणाला किती वेग द्यायचा तेही ठरवता येतं. यादीत मावशीचा मोबाईल होता. सात वाजता तिचा कॉल, सात वाजता माझा खेळ. मला वाटलं, चोर सापडला. आवाज कसाबसा जाईल एवढाच वेग मी तिला ठेवला. खोटं कशाला बोलू, ते बटण दाबताना मला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोन डाव जिंकलो. तिसऱ्या दिवशी आकडा पुन्हा लाल. तरी मी मावशीचा वेग वाढवला नाही. उलट अजून कमी केला.

चार दिवसांनी ती मोबाईल पदरानं पुसत पुसत आली. "बाबू, पाह्य बरं याले काय झालं. पोरगी म्हणते, आई, तू दिसतच नाही, नुसती अटकून राह्यते."

खरं सांगायची ती वेळ होती. मी मोबाईल उलटापालटा केला, जाणत्या माणसासारखा चेहरा केला आणि म्हणालो, "मावशी, तुहं हालणंच लय हाये. हाललं की चित्र तुटते. चूपचाप एका जागी बसायचं."

तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? तिच्या गॅसच्या नंबरापासून बँकेच्या मेसेजपर्यंत सगळं मीच तिला करून द्यायचो. दुसऱ्या दिवशी तिनं वाटीभर खीर पाठवली. मी ती खाल्ली आणि वाटी चाटूनपुसून साफ केली.

त्यानंतर संध्याकाळी तिच्या दारावरून जाताना ती दिसायची. मांडीवर हात, मान ताठ, पापणीसुद्धा बेतानं हलवणार. ही बाई एरवी बोलायला लागली की हात, खांदे, भुवया सगळं बोलायचं. पलीकडे नातू उभा राहायला शिकला, पाऊल टाकायला शिकला. तिनं टाळीसुद्धा वाजवली नाही. ओठातल्या ओठात म्हणायची, "चाल, चाल." तरी चित्र तुटायचंच. मग ती स्वतःलाच दोष द्यायची, "म्याच हात हालवला वाटते."

हे मी ऐकलं. एकदा नाही, खूपदा ऐकलं. आणि घरी येऊन खेळायला बसलो.

दसऱ्याच्या आधी आईनं घर रंगवायला काढलं. मधल्या खोलीतली गव्हाची पत्र्याची कोठी आम्ही दोघांनी सरकवून बाहेर ओसरीत नेली. त्या संध्याकाळी माझा आकडा हिरवा होता. मावशी पलीकडे कॉलवर होती, तरी हिरवा. मला आधी समजेचना. मग कोठी होती त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिच्या मागेच फळीवर राऊटर होता, वरून आईनं धुळीसाठी टाकलेला टॉवेल. मार्चमध्ये गहू आले तेव्हा ती कोठी तिथं मीच ढकलली होती. रेंज त्या पत्र्यानं अडवली होती. मावशीचा काही संबंधच नव्हता.

मी लगेच तिचा वेग पूर्ववत केला. सांगितलं मात्र नाही. आता नीट चालतंय ना, मग उगाच कशाला उकरायचं, असं स्वतःला समजावलं. इतका भेकड मी आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दसऱ्याला मुलगी आणि नातू आले. जावयाला सुट्टी नव्हती. आम्ही तिकडे गेलो तेव्हा मावशी नातवाला मांडीवर उडवत होती, तो खिदळत होता, तिचे हात पुन्हा बोलायला लागले होते. मुलीनं नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल त्यांच्यासमोर धरला.

मावशी जागच्या जागी थांबली. हात मांडीवर, मान ताठ. आणि तिच्या कुशीतलं ते दीड वर्षाचं पोरही तसंच थांबलं, हात गुडघ्यांवर ठेवून, श्वास रोखून. मुलगी हसायला लागली. "घरीबी असंच करते हा. फोन लावला की मूर्तीसारखा बसते. आजीचं पाहून शिकला."

सगळे हसले.

"मावशी," मी म्हणालो, "आता हाललं तरी चालते."

"चूप रे," ती ओठ न हलवता म्हणाली. "तूच तं सांगतलं होतं."

फोनमधून जावयाचा आवाज आला, "आई, आज किती स्वच्छ दिसताय तुम्ही!"

मावशीचे डोळे भरून आले. पाणी गालावर उतरलं, हनुवटीपर्यंत गेलं, पण ते पुसायला तिनं हात उचलला नाही.