जॅमच्या परत आलेल्या बरण्या

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. "सुमन, हे उठंनात," एवढंच ती म्हणाली. आणि मी काय म्हणावं? म्हटलं, झोपू दे की गं, रोज उजाडायच्या आत झाडांना पाणी घालतो, एक दिवस पडला लोळत तर काय बिघडलं! फोन ठेवला, चहा प्यायले, कप विसळून पालथा घातला... आणि मग कुठं डोक्यात शिरलं की ती काय सांगत होती. तळेगावहून कुसगावला त्या दिवशी मी कशी पोचले, कोणाच्या गाडीवर बसले, अजून आठवत नाही. आण्णा, माझा थोरला भाऊ, झोपेतच गेला होता. त्याला आता दोन महिने होत आले. लोक म्हणतात, सुटला बिचारा, हाल नाही झाले. खरं असेल. पण त्याच्याबद्दल माझ्या मनात जो गोंधळ झालाय तो त्याच्या मरणाचा नाही, त्याच्या जॅमचा आहे. हसू नका, खरंच सांगते.

आम्ही मूळचे तळेगावजवळच्या इंदुरीचे. आण्णानं सगळी नोकरी लोणावळ्यातल्या एका हॉटेलात काढली, भांडारघरात. तिथं पाहुण्यांना नाश्त्याला पावाबरोबर जॅम लागायचा, आणि कोण जाणे का, ती गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. रिटायर झाल्यावर कुसगावच्या घरामागच्या टीचभर जागेत त्यानं तुती लावली, एक पेरू लावला, कुंपणाला करवंदी घातली. स्ट्रॉबेरीसुद्धा लावून पाहिली, पण लोणावळ्याच्या पावसात ती कुठली टिकते! मुळापासून कुजली. तुती मात्र अशी फोफावली की विचारू नका. होळीच्या सुमाराला झाडाखाली वहिनीचं जुनं लुगडं अंथरायचा, फांदी हलवायचा, आणि काळी-जांभळी फळं टपाटप पडायची. मग दिवसभर पातेल्यापुढं उभा. थेंबभर पाक स्टीलच्या ताटलीत टाकायचा, ताटली तिरपी करून बघायचा, ओघळला की पुन्हा ढवळायला लागायचा. हात कोपरापर्यंत जांभळे. तसल्या हातानं एकदा भीमजयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन चालला होता, तर पोरं म्हणाली, आण्णा, झेंड्याचा रंग गेला का काय!

जॅम झाला की बरण्या भरायच्या, झाकणावर चिकटपट्टी लावून साल लिहायचं, आणि आळीतल्या एकूण एक घरी द्यायच्या. पहिला चमचा वहिनीचा. पहिल्या वर्षी तिनं चाखला आणि म्हणाली, छान झालाय. झालं! गड्याला वाटलं, हिला आवडला. तेव्हापासून दरवर्षी तो चमचा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा, आणि ती म्हणायची, आत्ताच भाकरी खाल्ली, मागनं खाते, पण रंग काय झकास आलाय! आळीतली माणसंही दारात बरणी घेताना, लय भारी आण्णा, म्हणायची. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, त्यामुळं वर्षभर त्याच्याकडे बरण्या भरून यायच्या... कधी कुरडया, कधी इंद्रायणी तांदूळ, कधी लिंबाचं लोणचं. एकंदर सगळं छान चाललं होतं. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं.

मग पुण्यानुमोदनाचा दिवस आला. भन्तेजींनी वंदना घेतली, माणसं आण्णाबद्दल चार शब्द बोलली, जेवणं झाली. पांगापांग व्हायला लागली तेव्हा शेजारच्या पारूमावशी पदराखालून एक बरणी काढून वहिनीपुढं उभ्या राहिल्या. बरणी भरलेली. काळाकुट्ट जॅम, झाकणही न उघडलेलं. वहिनी बघतच राहिली. मावशी कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"माणूस गेलं, आता त्याचं भांडं घरात ठेवू कसं?" त्या म्हणाल्या. "रिकामी आणावी तर ते बरं न्हाई. गोड भरावं तर दुखाचं घर. म्हणून दिलता तसाच आणला बाई."

एकीनं वाट दाखवली आणि मागोमाग सगळी आळी आली. ह्या घरनं दोन, त्या घरनं तीन. कुणाकडं गेल्या सालची, कुणाकडं पार जुनी, तळाला साखर दगडासारखी बसलेली. आण्णाला संशय येऊ नये म्हणून एखादी बरणी तेवढी जॅम ओतून टाकून, धुऊन, दुसरं काही भरून पाठवायची, बाकीच्या फळीवर मागं सारायच्या, असं प्रत्येक घरात चाललं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की शेजारी खात असतील! ओटा भरला, मग टेबल भरलं. मला हसायला येत होतं आणि रडायलाही. आत्ता आण्णा इथं असता तर काय म्हणाला असता, रागावला असता की हसला असता, मला काही म्हणजे काही सांगता येईना. मी तरी त्याचा जॅम खायचे, अगदी चाटूनपुसून खायचे. पण त्या टेबलाकडं बघून माझाच माझ्या जिभेवरचा विश्वास उडाला.

सगळे गेल्यावर वहिनीनं मला हाताला धरून खाली बसवलं. म्हणाली, मलाबी न्हाई आवडायचा गं, दातात कळ जाईल इतका गोड. पहिल्यांदा म्हणाले छान झालाय, मग मागं कसं फिरावं? स्वतःच्या वाटणीचा ती गुपचूप माहेरी पाठवायची. आणि मग तिनं विचारलं, "त्यांना म्हाईत होतं का गं?"

तेव्हापासून तिला दुसरा विषय नाही. फोन केला की तेच. माहीत होतं म्हणावं, तर इतकी वर्षं त्या माणसानं तिचं खोटं ऐकून घेतलं आणि तरी चमचा पुढं केला. नव्हतं म्हणावं, तर जन्माच्या जोडीदाराला तिनं अखेरपर्यंत फसवलं. मी एकदा हो म्हणाले, तर रडली. दुसऱ्यांदा नाही म्हणाले, तरी रडली. मग मी विषयच बदलायला लागले. कारण मला खरंच ठाऊक नव्हतं. सख्खा भाऊ, आणि त्याच्या मनात काय होतं ते मला सांगता येऊ नये?

मागच्या रविवारी गेले तर झाडाखाली तुतीचा सडा पडलेला, बुलबुल मजेत खात होते. वहिनी आत ओट्यापाशी. तिनं बरण्या सालवार लावल्या होत्या, जुन्या डावीकडं, नव्या उजवीकडं, आणि हातात चमचा. आता लपवायचं कुणापासून, म्हणाली, एकदा बघते तरी. डावीकडची पहिली चाखली, तोंड वाकडं केलं. पुढची. त्याच्या पुढची. चार-पाच बरण्या झाल्यावर तिचा चेहरा बदलला. मला म्हणाली, तू चाख. मी चाखत गेले... आणि चक्रावलेच. दर सालाला साखर थोडी थोडी कमी होत गेली होती. मी दरवर्षी खात होते, मला कसं कळलं नाही? डॉक्टरांनी सांगितलं म्हणून म्हणावं, तर त्याला साखरेचा आजार नव्हता. चुकून म्हणावं, तर चूक अशी एकाच वाटेनं चालत जाईल?

शेवटची बरणी गेल्या सालची. वहिनीनं चमचाभर घेतला, थांबली, आणखी एक घेतला. आंबट होता, करवंदासारखा, गोडवा नावापुरता. तिच्या हातच्या आमटीत चिंच नेहमी जास्त असते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

तिसरा चमचा तिनं तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"दरसाल दारात येऊन उभे राहायचे," ती म्हणाली. "एकदा तरी मी तोंड उघडायचं होतं गं."