गाडी कुठवर येते?

आठ नोव्हेंबर. सकाळची ड्युटी संपवून जुनं कापडी स्ट्रेचर धुवायला काढलं. दोन बांबू, मधे जाड हिरवं कापड. मार्च महिन्यापासून ते कपाटामागे उभं होतं आणि मी त्याला हात लावला नव्हता.

"गाडी कुठवर येते?" हा आमच्या सरांचा पहिला प्रश्न. कर्जत-खालापूरच्या आमच्या रुग्णवाहिकांचे ते प्रमुख. ड्रायव्हर म्हणून लागले आणि खुर्चीपर्यंत पोचले, पण खुर्चीवर बसलेले क्वचितच दिसले. फोन वाजला की आधी हेच विचारायचे. मी नर्स. मला राग यायचा.

"सर, माणसाला काय झालंय ते तरी विचारा."

"ते गाडीत बघा तुम्ही. गाडीच भेटली नाही तर काय बघणार?"

हायवेवरच्या चौक गावात धाब्यावर तुम्ही कधी चहाला थांबला असाल, तर पांढऱ्या शर्टातला एक माणूस गॅरेजवाल्यांना जमिनीवर आडवं पाडताना तुम्हीही पाहिला असेल. तेच ते. अपघातातल्या माणसाला हातापायांना धरून ओढायचं नाही, मान आधी सांभाळायची, हे त्यांनी हायवेवरच्या प्रत्येक टपरीला शिकवलं.

"साहेब, आज मेलेलं कोन व्हायचं?" गॅरेजवाले विचारायचे.

"मेलेलं नाही, जखमी. जो जास्त हसतो तो."

पहिल्याच पावसाळ्यात माझ्याकडून चूक झाली. कशेळ्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथून बाळंतिणीसाठी फोन आला. मी नकाशात जवळचा डांबरी रस्ता बघितला आणि गाडी तिथे पाठवली. पावसात मधला ओढा भरतो आणि वाडीतले लोक डोंगराच्या पलीकडच्या बाजूने उतरतात, हे मला ठाऊक नव्हतं. गाडी अलीकडे उभी, बाईला आणलेली झोळी पलीकडे. बाई रस्त्याच्या कडेला, छत्रीखाली बाळंत झाली. दोघं वाचली, त्यात माझा काहीच हात नव्हता.

मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. सर एवढंच म्हणाले, "रविवारी बूट घालून या."

रविवारी त्यांनी मला वाडीत चढवलं आणि याच स्ट्रेचरकडे बोट दाखवलं. "झोपा."

"मी? सर, माझं वजन बघा जरा."

"म्हणूनच. हलका माणूस कुणीही उतरवेल."

वाडीतल्या चौघांनी मला उचललं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला फक्त आभाळ, पानं आणि उचलणाऱ्यांच्या हनुवट्या दिसत होत्या. एका मोठ्या दगडाशी चौघं न बोलता थांबले, खांदे बदलले, पुन्हा निघाले. उतारावर डोकं खाली गेलं तेव्हा मी ओरडले.

"कळलं?" सर बाजूने चालत होते. "पेशंटला वाट अशी दिसते."

दरवर्षी पाऊस उघडला की ते प्रत्येक वाडीची वाट अशी उतरायचे. पावसात दगड सरकतात, बांध फुटतात, मागच्या वर्षीची वाट या वर्षी खरी नसते. नव्या ड्रायव्हरला एकदा तरी झोपावंच लागे.

मार्चमध्ये त्यांच्याच घरून फोन आला. छातीत दुखत होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि आमचं चाकांचं स्ट्रेचर जिन्यात वळेना. मी हेच कापडी वर नेलं. एक टोक मी धरलं होतं. वळणावर ते हळू म्हणाले, "डोकं वर ठेवा." मग, "गाडी कुठवर आलीय?"

"दारात आहे, सर."

"मग झालं."

आम्ही दवाखान्यात पोचलो, उशीर केला नाही. तरी ते गेले.

त्यांच्या जागी आलेले साहेब चांगले आहेत. गाड्यांना वेळेवर टायर मिळतात. वाटांचं मी त्यांच्यापाशी दोनदा काढलं. "सिस्टर, मोबाइलवर सगळं दिसतं," ते म्हणाले. मीही विषय सोडून दिला. खरं सांगायचं तर मलाही सरांशिवाय त्या वाटेवर जायचं नव्हतं.

आज सकाळी त्याच कशेळ्याच्या वाडीतल्या आशाताईंचा, तिथल्या आरोग्य कार्यकर्तीचा, फोन आला.

"सिस्टर, मोठ्या दगडाखालची वाट खचली. औंदा कोन येनार हाय का नाय? दोघी पोटुशा हायेत वाडीत. दादा असता तं येऊन गेला असता." सरांना वाडीत सगळे दादाच म्हणायचे.

"उद्या येतो आम्ही," मी म्हणाले. "चौघांना थांबवून ठेवा."

मग साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उद्या बूट घालून या म्हणून सांगितलं. कशाला, ते सांगितलं नाही. बादली भरली आणि स्ट्रेचर घासायला बसले. कापड वाळायला संध्याकाळ झाली. बांबूला एका टोकाशी सरांच्या हाताने गुंडाळलेली सुतळी आहे. ती तेवढी भिजू दिली नाही.

नऊ नोव्हेंबर. सकाळी कशेळ्याहून जीपने निघालो. रस्ता संपला तिथे उतरलो, चढलो. वाडीतले चौघे तयार होते. साहेबांनी मोबाइल वर धरून रेंज शोधली. मी स्ट्रेचर जमिनीवर अंथरलं.

"साहेब, झोपा."

"मी?"

"मोबाइल खिशात ठेवा. दोन्ही हात लागतील."

ते झोपले. बायका हसल्या. बांबूच्या सुतळी गुंडाळलेल्या टोकाला मी हात घातला.