टेबलावरची राजधानी

दालनाचे दरवाजे उघडायच्या आधी यहयाचाचा रोज अबू धाबीवरून उडतात. थापा नाही मारत मी. आमच्या प्रदर्शन दालनात अख्ख्या राजधानीचं मॉडेल मांडलेलं आहे, चांगलं मोठ्या अंगणाएवढ्या टेबलावर. त्यावरून चाकांची एक लांब फळी सरकते. चाचा तिच्यावर पालथे झोपतात, हातात मऊ ब्रश घेतात आणि कॉर्निशच्या निळ्या समुद्रापासून खारफुटीच्या बेटांपर्यंत धूळ झाडत तरंगत जातात. इथली धूळ काचेलाही जुमानत नाही. खालचे दिवे लागले की ते शहर झोपेत पाहिल्यासारखं दिसतं, आणि चाचाही डोळे अर्धे मिटूनच काम करतात.

मी उर्मिला, इथली गाईड. शाळेची पोरं आली की माझी टेप सुरू. सात अमिराती, सात शासक, त्यांची सर्वोच्च परिषद राष्ट्राध्यक्ष निवडते. तो पांढरा घुमट राजवाड्याचा, ही मंत्रालयं, आणि इथं राष्ट्रीय परिषद कायद्यांवर चर्चा करते. पोरं विचारतात, "व्हेअर इज माय हाउस?" पूर्वी मला राग यायचा. आता वाटतं, राजधानीत बघण्यासारखं तेवढंच असतं.

अबू धाबी आधी तात्पुरती राजधानी होती, कायमची नंतर झाली, हे मी सांगते तेव्हा चाचा कोपऱ्यात हसतात. "शहर पर्मनंट झालं, मॅडम. आपण अजून व्हिसावर."

चाचा श्रीवर्धनचे. पण इथल्या बाजारामागच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांनी झुबेदाचाचींबरोबर संसार केला. मुलगी तहसीन तिथंच जन्मली. मग चाचींची आठवण विरघळायला लागली आणि तहसीन त्यांना गावी घेऊन गेली. तिथं स्वतःच्या नारळाखाली बसून चाची एकच धोशा लावायच्या, मला माझ्या घरी जायचंय. घर म्हणजे ती तिसऱ्या मजल्यावरची खोली.

म्हणून चाचा रोज फळीवरून त्यांना व्हिडिओ कॉल लावतात. "हा कॉर्निश. इथं आपण मासळी घ्यायचो. आता डावीकडे. हे बघ आपलं घर." बोटाच्या पेराएवढा तो ठोकळा दिसला की चाची शांत होतात, मग नीट जेवतात. दालनात फोन लावायला मनाई आहे. त्या वेळी मी दाराशी उभी राहून भलतीकडे बघते. निवृत्तीचं वय कधीच उलटलं, तरी चाचा दर वेळी मुदत वाढवून घेतात. मी गेलो तर तिला घर कोण दाखवणार, हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

आता आमचा नियम असा की शहर आणि टेबल जुळलं पाहिजे. बाहेर इमारत पडली की इथला ठोकळा त्याच आठवड्यात निघतो. चाचांनीच आजवर कितीतरी काढले, पातळ सुरीने, शेजारच्याला धक्का न लावता. गेल्या महिन्यात त्यांच्या त्या जुन्या इमारतीभोवती पत्रे लागले, आणि बघता बघता तिथं सपाट जमीन झाली.

आमचा सुपरवायझर धनंजय, साताऱ्याचा, घाईघाईत आला. "चाचा, गुरुवारी डेलिगेशन आहे. मॉडेल अपडेट पाहिजे, मग काम खलास." घर कुणाचं होतं ते मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. बिचारा ओशाळला. "मॅडम, वरून ऑर्डर आहे. चाचांना नको, मी काढतो."

"नको," चाचा म्हणाले. "माझं घर मीच काढतो."

त्यांनी ते काढलं आणि तिथं बागेचा हिरवा तुकडा चिकटवला. मी म्हटलं, चाचींना जुना फोटो दाखवा, त्यांना काय कळतंय. ते म्हणाले, "बाकी सगळं विसरली, मॅडम. पण मी खोटं बोललो की अजून ओळखते."

दुसऱ्या दिवशी मी दाराशी उभी राहिले खरी, पण भलतीकडे बघणं काही जमेना. फळी सरकत सरकत बाजारामागे आली आणि थांबली. चाचांनी फोन त्या हिरव्या तुकड्यावर धरला.

"झुबेदा, पाडलं गो आपलं घर."

  फोनमधून तहसीन हलकेच म्हणाली, "अब्बा, प्लीज, मूव द फोन." चाचांनी फोन हलवला नाही.

"मग तुम्ही निजता कुठं?" चाचींनी विचारलं.

"कामगारांच्या कॅम्पात. मुसफ्फाला. रूममध्ये आणखी लोक आहेत."

"आणि जेवता?"

"मेसमध्ये."

चाची जराशा वैतागल्याच. "घर नाही, बायको नाही, मग परक्या गावात करताय काय? इकडे या. इथं जागा आहे."

चाचा त्या शहरावर तसेच पालथे पडून होते, खाली दिवे, पाठीवर अंधार. त्यांचा खांदा हलत होता. इतकी वर्षं ते ज्या घरासाठी इथं थांबले, ते घर चाचींनी एका वाक्यात सोडून दिलं होतं.

"येतो," ते म्हणाले.

"यल्ला मग, निघा," चाची म्हणाल्या. "मी जेवायची थांबते."