उलट्या कडेने झिजलेला टायर

या, असे जवळ बसा. रागावू नका, पण तुम्ही लोक गाडीच्या काचा पुसता, आत अत्तराची बाटली टांगता, आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात म्हणून फिरवत नाही. मी फिरवते. पोलिसातून निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही, कारण मानकोलीची ती घटना मला आजही जशीच्या तशी आठवते.

शिपाई म्हणून लागले आणि खात्याच्या परीक्षा देत उपनिरीक्षक झाले. कायदा शिकले तो ठाण्यातच. त्या दिवशी सकाळच्या शिफ्टला निघालेल्या एका बाईला कुणीतरी उडवून पळालं होतं. बाई बेशुद्ध. तिला दवाखान्यात आणणाऱ्या टेम्पोवाल्याला नातेवाइकांनीच धरून ठेवलं होतं. टेम्पो पांढरा, हौद्यात रक्त. साक्षीदार एवढंच सांगत होता, "पांढरी गाडी होती."

"मारायचं आणि वर पुण्य कमवायचं, होय रे?" मीच त्याला म्हटलं.

तो अंबाडी गावाकडचा. खाली बघून म्हणाला, "म्याडम, मी उचलली तिला. मारली न्हाय. मारली असती तं थांबलो असतो का?"

"असं सगळेच म्हणतात," मी म्हटलं आणि अटकेची नोंद केली.

दुपारी अपघाताच्या जागी पंचनाम्याला गेले तर तिथल्या मोरीच्या कठड्याचा ताजा टवका उडालेला, चाकाच्या उंचीवर. टेम्पोच्या चाकांवर मात्र ओरखडाही नाही. म्हणजे मी भलत्यालाच धरलं होतं. टेम्पोच्या मालकाने त्याला जामीन द्यायला आणि कामावर परत घ्यायला साफ नकार दिला होता. दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्याला कोर्टात उभं करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कशेळीच्या एका चहावाल्याचा फोन आला. "म्याडम, माझं नाव नका लिहू. काल सकाळी एक पांढरी कार गेली. स्टिअरिंग उजवीकडं धरलंय, तरी गाडी डावीकडंच सरकतेय. खेकडा चालतो तशी." गाडी कुणाची तेही त्याने सांगितलं.

अकराच्या आत गाडी ठाण्यात आली. मालक गोदामवाला, बोलायला गोड. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. ते आठवलं की अजून लाज वाटते.

"ताई, गाडी डावीकडे ओढते हे खरं आहे," तो म्हणाला. "पण सहा महिने झाले. आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. अलाइनमेंट गेली, टायर बघा कसा खाल्लाय."

खरंच, पुढचा डावा टायर एका कडेने पार गुळगुळीत. दुखणं जुनं दिसत होतं. मी घड्याळ बघितलं. बारा वाजत आले होते.

नाक्यावरच्या अलाइनमेंटवाल्या चाचांना बोलावलं. ते उकिडवे बसले, टायरवरून तळहात फिरवला, मग गाडी नाक्यावर नेऊन आपल्या मशीनवर घेतली. मला बाजूला नेऊन हळूच म्हणाले, "म्याडम, चाक वळवणारा रॉड वाकलाय. चाक पुढून बाहेर फाकलंय. असं चाक टायर आतून खातं. और ये तो बाहर से घिसा है."

"मग?"

"आपले लोक एक कड गेली की टायर रिमवर उलटा करून घालतात. तसं असेल. कधी उलटवला ते विचारा."

मी ठाण्यात परत येऊन शेठसमोर बसले. आवाज अगदी साधा ठेवला. "शेठ, टायर उलटवून घातलाय का?"

त्याचा चेहरा मोकळा झाला. "हो ना, तेच. उलटवलाय."

"कधी?"

"गणपतीच्या आधी."

तेव्हा पौष चालू होता. चाचांनी ते चाक काढून आत आणलं आणि आतल्या कडेवर बोट ठेवलं. "चार महिने ऐसा चलता तो ये भी साफ हो जाता, शेठ. ही तर कोरी आहे. आणि चाकाच्या तोलासाठी रिमवर ठोकलेलं शिसं बघा, आरशासारखं चमकतंय. टायर कालच चढवलाय."

त्याने कप बाजूला सारला आणि मग सगळं सांगून टाकलं.

कठड्याने फाडलेला खरा टायर गोदामामागे ताडपत्रीखाली सापडला, फाटीत सिमेंट. नवा रॉड त्या दिवशी मिळाला नव्हता, म्हणून त्याने घरच्या जुन्या गाडीचा झिजलेला टायर चढवून दुखणं जुनं दाखवलं. फक्त झीज कुठल्या कडेला हवी, हे त्याला माहीत नव्हतं. जबाबात म्हणाला, फोनवर बोलत होतो.

पावणेतीनला कोर्टात पोचलो. खरी हकिगत अहवालात मांडली आणि टेम्पोवाला सुटला. मी व्हरांड्यात, शिपायांसमोर त्याची माफी मागितली.

त्याने एवढंच विचारलं, "ती बाई कशी हाय?"

मी दोन दिवसांत त्याला हे एकदाही सांगितलं नव्हतं. त्या सकाळीच ती शुद्धीवर आली होती.

जो थांबला त्याला मी कोठडी दिली, आणि जो पळाला त्याला खुर्ची. त्यानंतर ठाण्यात जखमीला घेऊन कोणी आलं की पहिली खुर्ची त्याची, हा मी नेमच केला.

आता या एकदा भिवंडीला माझ्या घरी, लवकर या. दारात गाडी लावलीत की मी आधी टायर बघेन, मग चहा. आणि रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर थांबा हं. उशीर झाला तरी चालेल, मी वाट बघेन.