एसटीत मांडीवर बसलेला कम्प्युटर

वडिलांची चळवळीतली पत्रकं वाचत मोठा झाल्यामुळे मला प्रत्येक गोष्टीत शोषण दिसतं. क्लाउडमध्ये तर दिसणारच होतं. आपलं लिखाण परक्या कंपनीच्या यंत्रात ठेवणं म्हणजे आपलं वावर दुसऱ्याच्या नावावर करणं, असं मी सभांमधून सांगत असे. त्याच विषयावर मी एक पत्रक लिहिलं. ते अकोल्यात छापून दुसऱ्या दिवशी तिथल्या विद्यार्थ्यांच्या सभेत वाटायचं होतं.

मेल करणं तत्त्वात बसत नव्हतं आणि पेनड्राइव्ह बिघडलेला होता. म्हणून मी अमरावतीहून अख्खा सीपीयू गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसलो.

"लेकरू हाये काय? काढा त्याचंबी तिकीट," कंडक्टर म्हणाला.

छापखान्यात सीपीयू जोडला, तर तो चालूच होईना. रस्त्यातल्या खड्ड्यांनी हार्डडिस्क गेली होती. मी घरी बहिणीला फोन लावून पत्रक गेल्याचं सांगितलं.

"दादा, तुह्या कम्प्युटरवरचं सारं मी कवाच क्लाउडवर चढवून ठेवलं," ती म्हणाली. "तुले सांगतलं असतं तं तू भाषण देलं असतं. पाठवू काय?"

तत्त्वासाठी मी सीपीयूचं बटण आणखी एकदा दाबून पाहिलं. छापखानेवाले काका दुकानाचं शटर ओढायच्या बेतात होते.

"पाठव," मी म्हणालो.

पत्रक काकांच्या मोबाइलवर आलं. त्यांनी पहिली ओळ मोठ्यानं वाचली, "आपले शब्द परक्याच्या यंत्रात ठेवू नका!" मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, हे आलं कुठून?"

"घरून," मी म्हणालो, आणि प्रती लवकर काढायला सांगितल्या.