ठकू म्हणजे कोण?

घरी भाजीपाला लावणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी ‘ठकू’ या नावाखाली मेसेज आला, ‘मी त्यांची सून. आई काल गेल्या.’ मी गॅलरीत मिरचीच्या कुंडीपाशी उभी होते. ज्यांच्या सांगण्यावरून ती मिरची जगली, त्यांना मी एकदाही पाहिलं नव्हतं...

मी बीडची, त्या केजच्या. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी लिहायला मी बिचकते, अनोळखी माणसांशी बोलायला तर जास्तच. त्यांना टाइप करायचा कंटाळा. त्या बोलूनच पाठवायच्या. “पोरी, पानं गोळा व्हायलीत ना? आंबट ताक शिंपड. भिऊ नकू, मरत न्हाई ती.” मागे कोंबड्यांचा आवाज असायचा. मी ते इअरफोन लावून ऐकायचे, आणि पुन्हा एकदा ऐकायचे. ग्रुपवर त्यांचं नाव होतं ‘संगीता, केज’. दिवाळीनंतर ते एकदम ‘ठकू’ झालं. हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. नातीचं नाव असेल? मांजराचं? धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, “वळख की. एवढी शिकलीस कशापायी मग?” मग मी अधूनमधून एकेक अंदाज पाठवायचे. शेळी का, असं विचारलं तेव्हा त्या बराच वेळ हसल्या. “शेळी म्हण, चालंल. पर हाक मार.” हळूहळू सगळा ग्रुप त्यांना ठकूताई म्हणायला लागला. मी ठकूकाकू म्हणायचे.

त्या गेल्यानंतरच्या रविवारी मी एसटीनं केजला गेले. दारात ओळख काय सांगावी ते सुचेना. “मी मिरचीवाली,” एवढंच म्हणाले. सुनेनं चहा दिला आणि हळूच विचारलं, “ताई, ठकू कोण हो? घरात कुणालाच माहीत नाही.” माहीत मलाही नव्हतं.

भिंतीशी काकूंचे थोरले भाऊ बसले होते, तलवाड्याहून आलेले, मेंढरं राखणारे. सुनेनं त्यांच्या कानाशी जाऊन तेच मोठ्यानं विचारलं. “तीच की,” ते म्हणाले. “आमची ठकू. लग्नात ताटातल्या तांदळावर तिच्या मालकानं नवं नाव लिव्हलं, संगीता. मी बाजूलाच बसलो होतो. मला म्हनली, दादा, आता मला ठकू कोन म्हनंल? म्हनलं, मी हाय, आई हाय.” त्यांनी कानाला हात लावला. “आई दिवाळीच्या आधी गेली. अन् मला फोनवर ऐकू येत न्हाई...”

इतके दिवस मी कोडं सोडवत बसले होते, आणि त्या आमच्या हाकेला ओ देत होत्या.

त्यांचे यजमान खाटेवर बसून ऐकत होते. “मला बोलली न्हाई कधी,” ते म्हणाले. मग त्यांनी सुनेकडून काकूंचा फोन मागून घेतला, बोलायला कुठं दाबायचं ते मला विचारलं. मी दाखवलं. तो आवाज ग्रुपवर अजून आहे. आधी नुसता श्वास, मग ते नाव, नव्या माणसाचं नाव घ्यावं तसं अडखळत. “ठकू... ठकू गेली आमची. तुमी तिला हाक मारीत व्हता. लई बरं केलं.”